बी-२०४ शोधला तर सगळेच लॉट येतात! पीएचपी-मायएसक्यूएलमधला स्ट्रिंगचा घोळ

बेदाणा_तासगाव

शीतगृहाच्या आवक-जावकीचं सॉफ्टवेअर आहे. सर्व्हर बदलला तेव्हा पीएचपी ७.४ वरून ८.२ वर आणि मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर आलोय. 'आवक' टेबलात 'लॉट' हा कॉलम व्हारचार(२०), म्हणजे मजकुराचा आहे, त्यावर इंडेक्स (झटपट शोधायची सूची) आहे. लॉट तीन तऱ्हेचे: जुने नुसत्या आकड्यांचे (२०४), मधले अक्षर लावलेले (बी-२०४) आणि नवे १२ई३ असे, म्हणजे चेंबर १२, रॅक ई, रांग ३.

कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. त्यातली अक्षरं आणि आकडे रोमन समजा. खरोखरचा मराठी आकडा असेल तिथं तसं सांगेन.

$लॉट = इंटव्हॅल($_पोस्ट['लॉट']);
सिलेक्ट * फ्रॉम आवक व्हेअर लॉट = $लॉट

होतंय ते असं:
– बी-२०४ टाकला की बी, सी, डी सगळ्या मालिकांचे लॉट येतात. नुसत्या आकड्यांचे मात्र येत नाहीत.
– १२ई३ टाकला की १२००० नंबरचा जुना लॉटही सोबत येतो.
– शेतकरी मोबाइल नंबरवरून शोधायला फार वेळ लागतो. तो कॉलमही व्हारचार आहे, इंडेक्सही आहे.
– भाड्याची बेरीज ब्राउझरमध्ये २५०.५०१००.०० अशी दिसते.

चारही गोष्टींचं मूळ एकच आहे की वेगवेगळं?

अजिंक्यतारा११

पहिल्या तिन्हींचं मूळ एकच: स्ट्रिंगची (मजकुराची) तुलना आकड्याशी होतेय. चौथं त्याचं चुलत भावंड.

पहिल्यांदा इंटव्हॅल, म्हणजे स्ट्रिंगचा पूर्णांक करणारं फंक्शन. 'बी-२०४' ची सुरुवात अक्षरानं, म्हणून इंटव्हॅल ० देतं. क्वेरी होते लॉट = ०. आता मायएसक्यूएलच्या एका बाजूला स्ट्रिंग कॉलम, दुसऱ्या बाजूला आकडा. अशा वेळी ते दोन्ही बाजू डबलमध्ये, म्हणजे दशांश चिन्हाच्या तरत्या आकड्यांत बदलून ताडतं. 'बी-२०४' चा आकडा ०, 'सी-११' चा ०, रिकाम्या स्ट्रिंगचाही ०. सगळे जुळले. '२०४' चा आकडा २०४ होतो, म्हणून तो आला नाही.

१२ई३ चंही तसंच. मधल्या ई मुळे ते घातांकातलं लिखाण ठरतं: १२ गुणिले १०००. पीएचपी ७.१ पासून इंटव्हॅलला ही भाषा कळते, त्यामुळे ते १२००० देतं. मायएसक्यूएलही '१२ई३' चा आकडा १२००० च करतं. दोन्ही लॉट सापडणारच.

इंटव्हॅल बहुधा कुणीतरी एसक्यूएल इंजेक्शन (इनपुटमधून घुसवलेली क्वेरी) टाळायला घातलंय. आकडी आयडीला ते चालून जातं. लॉट हा आकडा नव्हे, ते नाव आहे. त्यासाठी प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आधी, किंमत नंतर वेगळी द्यायची):

$स्टे = $पीडीओ->प्रिपेअर('सिलेक्ट * फ्रॉम आवक व्हेअर लॉट = ?');
$स्टे->एक्झिक्यूट([(स्ट्रिंग) ट्रिम($_पोस्ट['लॉट'])]);

एक्झिक्यूटला दिलेल्या ॲरेमधलं सगळं पीडीओ (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा भाग) स्ट्रिंग म्हणूनच बांधतं, इथं तेच हवंय. मायएसक्यूएलआय (तसाच दुसरा भाग) वापरत असाल तर बाइंड_पॅरामच्या पहिल्या अक्षराकडे लक्ष द्या. 'आय' दिलंत तर परत ० होईल, 'एस' द्या.

जावकीच्या स्क्रीनवर हाच इंटव्हॅल अपडेट किंवा डिलीटला लावलाय का ते आजच बघा. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा अडवणारी मायएसक्यूएलची सेटिंग) चालू असेल तर तिथं १२९२ नंबरची चूक येऊन काम थांबतं (ट्रंकेटेड इनकरेक्ट डबल व्हॅल्यू). सिलेक्टला मात्र तीच गोष्ट नुसती वॉर्निंग म्हणून येते आणि कुणी वाचत नाही. १२९२ यायला लागली की स्ट्रिक्ट मोड बंद करायचा सल्ला नेटवर भरपूर मिळतो. तो केलात तर एका क्लिकमध्ये बी, सी, डी सगळी जावक झालेली दिसेल.

मिरज_जंक्शन

मोबाइलचं मी सांगतो. दोन्ही क्वेऱ्या एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवतं) लावून बघा:

एक्सप्लेन सिलेक्ट * फ्रॉम शेतकरी व्हेअर मोबाइल = ९xxxxxxxxx
एक्सप्लेन सिलेक्ट * फ्रॉम शेतकरी व्हेअर मोबाइल = '९xxxxxxxxx'

पहिलीत टाइप 'ऑल' (सगळं टेबल वाचणं) दिसेल, पॉसिबल कीज मध्ये इंडेक्सचं नाव असेल पण की 'नल'. दुसरीत टाइप 'रेफ' (इंडेक्सवरून शोध). फरक फक्त अवतरणचिन्हांचा. पहिल्या एक्सप्लेननंतर लगेच शो वॉर्निंग्ज टाका, १७३९ नंबरचा इशारा दिसेल: टाइप किंवा कोलेशन (मजकूर ताडायचे नियम) बदलामुळे इंडेक्सवरून रेफ करता येत नाही.

कारण साधं आहे. इंडेक्स स्ट्रिंगच्या क्रमानं लावलेला असतो. आकडा १ ला '१', '०१', ' १', '१ए' हे सगळे जुळतात आणि इंडेक्समध्ये ते चार ठिकाणी पांगलेले. मग प्रत्येक ओळ काढून तिचा आकडा करून बघण्यावाचून इलाज नाही. उलट बाजूनं अडचण नसते: कॉलम इंट असेल आणि तुम्ही '५' दिलंत तर मायएसक्यूएल तो एकच स्थिरांक आकड्यात बदलतं, इंडेक्स चालतो.

याच्याहून वाईट प्रकार बँक खात्यांच्या नंबरांत. डबलमध्ये ९००७१९९२५४७४०९९२ (२ चा ५३ वा घात) पर्यंतचेच पूर्णांक चोख बसतात. पुढं शेजारशेजारचे दोन नंबर एकच ठरू शकतात. १७ आकडी खातं आकडा म्हणून ताडलंत तर पैसे भलत्याच्या नावावर दिसतील, आणि वॉर्निंगसुद्धा येणार नाही.

आणि मोबाइल इंटमध्ये ठेवायचा विचार कुणाच्या मनात असेल तर: साइन्ड इंटची कमाल २१४७४८३६४७. स्ट्रिक्ट मोड नसला की त्यापुढचा प्रत्येक नंबर हाच होऊन बसतो. यादीत एकच मोबाइल नंबर पन्नास शेतकऱ्यांचा दिसला तर दुसरं काही शोधू नका.

कृष्णाकाठ

बेरजेचं. डेसिमल कॉलम पीएचपीत स्ट्रिंग म्हणूनच येतो, आवृत्ती कुठलीही असो. पीएचपी ८.१ पासून पीडीओ इंट आणि फ्लोट खऱ्या टाइपात देतं, त्याआधी इम्युलेटेड प्रिपेअरमध्ये (पीडीओ स्वतःच किंमत क्वेरीत भरतं तेव्हा) तेही स्ट्रिंग यायचे. डेसिमल मुद्दाम तसाच ठेवलाय, फ्लोट केला की पैशांचा चोखपणा जातो. गंमत म्हणजे इंट कॉलमची सम() सुद्धा मायएसक्यूएल डेसिमल म्हणून देतं, म्हणजे तीही स्ट्रिंग. काउंट() मात्र पूर्णांक.

पुढं जेसन_एन्कोड त्या स्ट्रिंगला अवतरणात ठेवून जावास्क्रिप्टकडे देतं, आणि जावास्क्रिप्टचा अधिक म्हणजे स्ट्रिंगला स्ट्रिंग चिकटवणं. '२५०.५०' + '१००.००' = '२५०.५०१००.००'. पीएचपीतच बेरीज केली असती तर ३५०.५ आलं असतं, कारण तिथं जोडायला टिंब असतं.

बेरीज क्वेरीतच करा आणि ब्राउझरला फक्त दाखवायला द्या. पीएचपीत करायचीच असेल तर बीसीॲड($अ, $ब, २).

बेदाणा_तासगाव

धन्यवाद मंडळी. जेसन_न्यूमरिक_चेक हा पर्याय लावला तर आकडे अवतरणाशिवाय जातात असं वाचलं. लावू का?

कृष्णाकाठ

नको. तो फक्त रकमेला लागत नाही, आकड्यासारखी दिसणारी प्रत्येक स्ट्रिंग उचलतो. सांगलीचा एसटीडी कोड ०२३३ हा २३३ होऊन जाईल आणि तुमचा लॉट १२ई३ परत १२०००. एक दार लावून दुसरं उघडणं झालं.

अजिंक्यतारा११

पीएचपीच्या बाजूची आणखी दोन ठिकाणं तपासून घ्या, क्वेरी दुरुस्त झाली तरी ती राहतात.

एक, दोन बरोबरचं चिन्ह. पीएचपी ८ मध्ये ० == 'बी-२०४' आता खोटं येतं (७.४ मध्ये खरं यायचं). म्हणून लोकांना वाटतं प्रश्न मिटला. पण दोन्ही बाजू आकड्यासारख्या स्ट्रिंग असतील तर आजही आकडा म्हणूनच ताडतात: '१२ई३' == '१२०००' खरं, '०४१६' == '४१६' खरं. तीन बरोबर वापरा, आणि इन_ॲरेला तिसरा पॅरामीटर ट्रू द्या.

दोन, ॲरेची की. $यादी['२०४'] लिहिलंत तरी की पूर्णांक २०४ होते. 'बी-२०४' आणि '०२०४' स्ट्रिंगच राहतात. म्हणजे एकाच ॲरेत दोन टाइपच्या किया. फॉरईचमध्ये की मिळाली आणि === '२०४' शी ताडली की खोटं. सगळ्यात त्रास ॲरे_मर्जचा: पूर्णांक किया तो ० पासून नव्यानं लावतो. दोन चेंबरच्या याद्या ॲरे_मर्जनं जोडल्या की जुन्या लॉटांचे नंबरच गायब होतात, अक्षराचे टिकतात. तिथं ॲरेमध्ये अधिक चिन्ह वापरा, नाहीतर की ला आधीच 'लॉट:२०४' असं काहीतरी लावून ठेवा.

माणदेशी

लिमिटचंही सांगून ठेवतो, कारण आता सगळं एक्झिक्यूटच्या ॲरेत टाकाल. लिमिट ? ला स्ट्रिंग गेली की इम्युलेटेड प्रिपेअरमध्ये लिमिट '१०' अशी क्वेरी तयार होते आणि सिंटॅक्स एरर येते. तेवढ्यापुरतं बाइंडव्हॅल्यू(१, (इंट)$किती, पीडीओ::पॅराम_इंट).

आणि पुढचा लॉट नंबर कसा काढता? मॅक्स(लॉट) + १ असेल तर बघा बरं. व्हारचारमध्ये '९९९' हा '१०००' पेक्षा मोठा, कारण पहिलं अक्षरच मोठं. हजारावा लॉट एकदा पडतो. त्यानंतर मॅक्स कायम ९९९ देतो, पुढचा नंबर कायम १००० निघतो आणि युनिक की (दुबार नंबर नाकारणारी) अडवते. युनिक की नसेल तर अडवत नाही, आणि ते जास्त वाईट. मालिका आणि अनुक्रम असे दोन वेगळे कॉलम ठेवा, अनुक्रम इंट. दाखवताना जोडा.

कास_पठार

मराठी आकड्यांचा विषय अजून कुणी काढला नाही. गेटवरचा माणूस मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून पिन टाकतो, त्यात मराठी आकड्यांचा ४१६४१६ येतो. त्याचं पुढं काय होतं बघा:

– मायएसक्यूएल, ०९००_एआय_सीआय कोलेशन, अवतरणात रोमन ४१६४१६ शी तुलना: जुळतं. युनिकोडच्या क्रमवारीत १ आणि 1 असा रोमन एक यांचं पहिल्या पातळीवरचं वजन एकच आहे.
– तेच बिन (बाइटनं बाइट ताडणारं) किंवा जनरल_सीआय कोलेशनमध्ये: जुळत नाही.
– अवतरणाशिवाय आकड्याशी तुलना: मराठी आकड्यांची स्ट्रिंग ० होते, जुळत नाही. लॉट = ० वाल्या गर्दीत तीही असणार.
– पीएचपीचं इज_न्यूमरिक: खोटं. जावास्क्रिप्टचं नंबर(): नॅन, म्हणजे 'आकडा नाही'.
– पायथनचं इंट(): बिनतक्रार ४१६४१६ देतं.
– पोस्टग्रेस, इंटिजरमध्ये कास्ट: सरळ एरर.

एकाच स्ट्रिंगबद्दल प्रत्येकाचं मत निराळं. डेटाबेस म्हणतो डुप्लिकेट आहे, पीएचपी म्हणतं असा पिन यादीतच नाही. दोघेही आपापल्या नियमानं बरोबर.

मिरज_जंक्शन

हो, आणि गावांच्या नावांत याचा मोठा भाऊ बसलाय. 'कऱ्हाड' घ्या. त्यातला अर्धा ऱ तीन प्रकारे टाइप होतो:

१. ऱ (यू+०९३१) + हलंत + ह. एकूण ६ कोडपॉइंट (युनिकोड चिन्हं), १८ बाइट.
२. र + नुक्ता + हलंत + ह. ७ कोडपॉइंट, २१ बाइट.
३. र + हलंत + न दिसणारा जोडक (झेडडब्ल्यूजे, यू+२००डी) + ह. हेही ७ आणि २१.

पडद्यावर तिन्ही सारखे. पीएचपीत तीन बरोबर लावलं की तिन्ही वेगळे. बिन कोलेशनमध्ये ग्रुप बाय केलं की कऱ्हाडच्या तीन ओळी. ०९००_एआय_सीआय मात्र नुक्ता आणि जोडक दोन्हींकडे दुर्लक्ष करतं, एकच ओळ देतं.

शोधायला: सिलेक्ट गाव, कॅर_लेंग्थ(गाव), लेंग्थ(गाव), हेक्स(गाव). हेक्समध्ये ई२८०८डी दिसलं की तिसरा प्रकार.

दुरुस्तीला पीएचपीच्या इंटल एक्स्टेंशनचा नॉर्मलायझर एनएफसी (एकाच अक्षराची वेगळी लिखाणं सारखी करणारा) लावा, पण तो दुसऱ्या प्रकाराचाच पहिला करतो. जोडकाला तो हात लावत नाही. तिसऱ्यासाठी 'र + हलंत + जोडक' च्या जागी 'ऱ + हलंत' असं आधी बदलून घ्यायचं, मग एनएफसी. जोडक सरसकट उडवू नका, नाहीतर कऱ्हाडचा रफार होऊन 'कर्हाड' उरेल. ट्रिमही इथं कामाचा नाही, तो जोडक काढत नाही आणि एक्सेलमधून येणारी न तुटणारी जागाही (यू+००ए०) काढत नाही.

बेदाणा_तासगाव

लॉटच्या कॉलममध्येच मराठी आकडे येऊ नयेत यासाठी काही करता येईल का? आणि आमची जुनी टेबलं जनरल_सीआय आहेत, सर्व्हर बदलल्यावर केलेली दोन नवी ०९००_एआय_सीआय. जॉइन केला की १२६७ ची एरर येते.

अजिंक्यतारा११

१२६७ म्हणजे इल्लीगल मिक्स ऑफ कोलेशन्स. दोन कॉलमांची कोलेशनं वेगळी, कुणाचं ऐकायचं ते मायएसक्यूएलला ठरवता येत नाही. क्वेरीत कोलेट लिहून वेळ भागते, पण ज्या कॉलमवर ते लावाल त्याचा इंडेक्स जातो. टेबलंच सारखी करा.

लॉटसाठी कॉलमच ॲस्की (फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हं) करून टाका, म्हणजे मराठी आकडा दारातच १३६६ नं अडेल (अर्थात स्ट्रिक्ट मोड हवा):

१. आधी बॅकअप.
२. सिलेक्ट आयडी, लॉट फ्रॉम आवक व्हेअर लेंग्थ(लॉट) <> कॅर_लेंग्थ(लॉट). ॲस्कीबाहेरचं जे काही असेल ते इथं दिसतं.
३. बदलल्यावर कोण कोणावर आदळेल ते आधीच बघा: सिलेक्ट काउंट(*), मिन(आयडी), मॅक्स(आयडी) फ्रॉम आवक ग्रुप बाय लॉट कोलेट युटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय हॅविंग काउंट(*) > १. जनरल_सीआयमध्ये मराठी आणि रोमन २०४ वेगळे नांदत असतील तर ते इथं एकत्र येतील. ते हातानं सोडवायचे, कागदी पावती समोर ठेवून.
४. पीएचपीच्या एसटीआरटीआरला (अक्षरं बदलणारं फंक्शन) दहा आकड्यांची जोडी देऊन बदल, वर अप्पर आणि ट्रिम.
५. ऑल्टर टेबल आवक मॉडिफाय लॉट व्हारचार(१२) कॅरेक्टर सेट ॲस्की कोलेट ॲस्की_बिन नॉट नल.
६. 'जावक' आणि जिथं जिथं लॉट आहे तिथं हेच, एकाच बैठकीत. एका टेबलात ॲस्की आणि दुसऱ्यात युटीएफ८एमबी४ राहिलं तर जॉइनमध्ये टाइप बदलतो आणि ॲस्कीवाल्या कॉलमचा इंडेक्स वापरला जात नाही.

बिन असल्यामुळे लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जाईल. म्हणून चौथ्या पायरीतला अप्पर भरतानाही लावायचा आणि शोधतानाही.

गावं, नावं मात्र ०९००_एआय_सीआयमध्ये ठेवा. फक्त एक ध्यानात असू द्या: जुनी कोलेशनं शेवटच्या मोकळ्या जागा तुलनेत धरत नव्हती, ०९०० वाली धरतात. 'विटा' आणि शेवटी स्पेस असलेलं 'विटा ' काल एक होतं, कोलेशन बदललं की दोन होतील.

कास_पठार

डॉटनेट-एसक्यूएल सर्व्हरवाले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथं व्हारचार कॉलम आकड्याशी ताडला की गुपचूप ० होत नाही, 'कन्व्हर्जन फेल्ड' म्हणून क्वेरीच पडते. ते बरंच. पण ॲडविथव्हॅल्यू (क्वेरीला किंमत जोडायची पद्धत) स्ट्रिंगला एनव्हारचार (युनिकोड मजकूर) म्हणून पाठवतं, आणि व्हारचार कॉलमचा इंडेक्स त्यानं स्कॅनवर जाऊ शकतो. टाइप आणि लांबी स्वतः लिहून द्या. मराठी मजकुराला कॉलम एनव्हारचार आणि अवतरणाआधी एन हवाच. तो विसरलात तर 'सातारा' चे सहा प्रश्नचिन्हं होतात, आणि ती परत सातारा होत नाहीत.

माणदेशी

तेवढ्यात माझा एक प्रश्न. संकलनाच्या मोबाइल ॲपमध्ये एसक्यूलाइट आहे. एसटीडी कॉलमचा टाइप 'स्ट्रिंग' दिलाय. ०२३३ टाकला तरी २३३ वाचला जातो. ॲपच्या कोडमध्ये कुठंही आकडा केलेला नाही.

मिरज_जंक्शन

कोडचा दोष नाही दादा, टेबलाच्या व्याख्येचा आहे. एसक्यूलाइट टाइपच्या नावात काही ठरावीक तुकडे शोधतं: 'इंट' असेल तर पूर्णांक, 'कॅर', 'टेक्स्ट' किंवा 'क्लॉब' असेल तर मजकूर. 'स्ट्रिंग' मध्ये यातलं काहीच नाही, म्हणून तो न्यूमरिक ठरतो आणि आकड्यासारखी दिसणारी स्ट्रिंग आकडा करून ठेवली जाते. टाइपऑफ(एसटीडी) बघा, 'इंटिजर' येईल.

एसक्यूलाइटमध्ये कॉलमचा टाइप जागेवर बदलता येत नाही. नवं टेबल टेक्स्ट टाइपनं करा. आवृत्ती ३.३७ किंवा पुढची असेल तर शेवटी स्ट्रिक्ट लिहा, मग 'स्ट्रिंग' सारखं नाव ते स्वीकारणारच नाही. जुना माल आणताना चार आकड्यांपर्यंत शून्यं भरू नका. सांगली ०२३३ चार आकडी, सातारा ०२१६२ आणि कऱ्हाड ०२१६४ पाच आकडी. पुढचं शून्य सगळ्यांना एकच, म्हणून:

इन्सर्ट इंटू नवे सिलेक्ट आयडी, '०' || एसटीडी फ्रॉम जुने व्हेअर टाइपऑफ(एसटीडी) = 'इंटिजर'

डॅश घालून लिहिलेले कोड असतील तर ते आधीपासूनच टेक्स्ट असणार. ते वेगळ्या इन्सर्टनं जसेच्या तसे आणा.